बटणाशेजारचा पांढरा ठिपका

माझ्या गिटार ॲम्पवर, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर, मास्टर व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी, व्हाइटनरचा एक ठिपका आहे. बटण म्हणजे घड्याळ धरलं तर साधारण सव्वानऊच्या जागी. बघणाऱ्याला तो डाग वाटतो. एकदोघांनी तर नखाने खरवडायला घेतला होता, मी हात धरला. त्या ठिपक्यापर्यंत पोचायला मला वीसेक वर्षं लागली.

माझा पहिला ॲम्प म्हणजे हॉस्टेलमधल्या रूम पार्टनरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. त्याला मागे माइकची पिन लागायची. गिटार त्यात खुपसली, रेकॉर्ड आणि पॉजची बटणं एकत्र दाबली, की स्पीकरमधून फाटका, घोगरा आवाज यायचा. आम्हाला वाटलं, रॉक म्हणतात ते हेच. पंधरा दिवसांत स्पीकरची कॉइल जळली. भरपाई म्हणून मी महिनाभर त्याचे नाश्त्याचे पैसे भरले.

दुसरा ॲम्प गणपती मंडळाचा. आहुजाचा, आरती आणि ‘एक लहान मुलगा हरवला आहे’ यासाठी आणलेला, आणि टोकाला भोंगा. त्या भोंग्यातून आलेला माझा पहिला कॉर्ड ऐकून पेटीवाल्या काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज होता. तेव्हा मला वाटलं की दोष माझ्या स्वस्तातल्या गिटारीचा. दोष तिचा नव्हता. बोलण्याच्या माइकसाठी केलेली सोय आणि गिटारीच्या पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकांसाठी, लागणारी सोय वेगळी असते ही एक गोष्ट. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिटारीचा स्पीकर ही एक गाळणी असते. ॲम्पमधला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचं जवळपास सगळं गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, जो काही कचकचाट तयार होतो तो त्या वरच्या भागातच असतो, आणि तो गाळला गेला की मग उरलेलं कानाला गोड लागतं. भोंगा किंवा हाय-फाय स्पीकर तो वरचा भाग तसा गाळत नाही, भोंगा तर उलट तेवढाच ठळक करून दाखवतो. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धंच वाद्य आहे, उरलेलं अर्धं त्या खोक्यात असतं, हे कळायला मला एवढा काळ लागला.

मग नोकरी, लग्न, कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हप्ते. चाळिशीला टेकल्यावर कॉलेजचे चौघे पुन्हा भेटू लागलो आणि वर्षाकाठी तीन-चार कार्यक्रम मिळायला लागले. कुणाच्या सोसायटीची कोजागिरी, कुणाच्या ऑफिसचा वार्षिक समारंभ, एका कॅफेतली शनिवार संध्याकाळ. वाजवायची गाणी जुनी हिंदी, थोडी मराठी, शेवटी एक-दोन इंग्रजी म्हणजे तरुण मंडळींना बरं वाटतं. आता चांगला ॲम्प पाहिजे, असं मी स्वतःलाच पटवलं. परदेशी चाललेल्या एकाकडून ४० वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प घेतला. वजन वीस किलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

व्हॉल्व्ह म्हटलं की मला आजोळचा रेडिओ आठवतो. सुरू केल्यावर बातम्या लगेच यायच्या नाहीत, आधी तो तापायचा आणि त्याचा एक धुळकट, गरम वास यायचा. हा ॲम्पही तसाच. मागून डोकावलं की काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेड. मी खोलीतला दिवा बंद करून पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो. मग बटण फिरवलं. एकपर्यंत काहीच नाही. एकच्या पुढे केसभर सरकवलं आणि घर भरून गेलं. मधलं काही नव्हतंच. व्हॉल्व्हच्या ॲम्पची सगळी ख्याती ही की तो ताणला की त्याचा आवाज दाटतो, जोरात वाजवलं की गुरगुरतो, हळू छेडलं की निवळतो. पण ताणायचं म्हणजे बटण सहा-सातवर न्यायचं. माझं कधी दीडच्या पुढे गेलंच नाही. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

तेव्हा मी बसून हिशोब मांडला, जो खरं तर घेण्याआधी मांडायला हवा होता. गिटारीच्या स्पीकरवर एक आकडा असतो, एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. चांगल्या स्पीकरचा हा आकडा ९८ ते १०० असतो. म्हणजे फक्त एका वॉटला शंभराच्या आसपास. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. माझ्या हॉलपासून खालच्यांच्या हॉलपर्यंत मधे एक स्लॅब आहे हे खरं, तरी चाळीस वॉट कशाला पाहिजेत याचं उत्तर मला देता येईना.

आणि वॉटची गंमत अशी की ते दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणजे ५० वॉटच्या ॲम्पच्या निम्मा आवाज २५ वॉटचा नसतो, ५ वॉटचा असतो. दुकानात ‘सर, वीसपेक्षा चाळीस घ्या, डबल पॉवर’ असं ऐकलं की मला आता फक्त हसू येतं.

मग हे शंभर-शंभर वॉटचे, माणसाएवढे उंच डोलारे आले कुठून? याचं उत्तर मला फार आवडतं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं दुकान होतं, ड्रमचं. तो स्वतः ड्रमर आणि ड्रमचा मास्तर. ड्रम बघायला येणाऱ्यांबरोबर त्यांचे गिटारवाले यायचे आणि तक्रार करायचे की आम्हाला हवा तसा ॲम्प मिळत नाही. १९६२ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी एका अमेरिकन ॲम्पच्या सर्किटवरून आपला पहिला ॲम्प केला. तो अमेरिकन ॲम्प होता फेंडरचा बासमन. लिओ फेंडर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधला रेडिओ दुरुस्त करणारा, पुण्यातल्या आमच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज खपून गेला असता. त्याला गिटार वाजवता येत नसे. म्हणजे एक रेडिओवाला आणि एक ड्रमर. ज्यांच्या नावासाठी गिटारवाले अजून भांडतात, त्या दोघांपैकी गिटारवाला एकही नव्हता.

१९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडला शंभर वॉट हवे झाले. कारण साधं होतं. हॉल मोठे होत चालले होते आणि तेव्हाची साऊंड सिस्टीम जेमतेम गायकाच्या आवाजापुरती असायची. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची ती ॲम्पनेच. आज कोथरूडच्या कॅफेतसुद्धा साऊंडवाला असतो, ॲम्पसमोर माइक लावतो आणि लोकांपर्यंत आवाज तो पोचवतो. ॲम्पने पोचायचं ते फक्त माझ्यापर्यंत आणि शेजारच्या ड्रमरपर्यंत. ती गरज संपली, पण तिचा आकडा मात्र अजून आपल्या डोक्यात बसलेला आहे.

तर तो मोती मी विकला. घेणारा पुण्याबाहेर स्वतंत्र बंगल्यात राहतो. उतरवताना दोघांनी मिळून नेला, तरी माझी पाठ चार दिवस धरली होती.

नंतरची दीड-दोन वर्षं हेडफोन. फोनला लावायचं छोटं खोकं, त्यात शंभर ॲम्पचे आवाज. आवाज उत्तम होता, खोटं कशाला बोलू. पण गिटार वाजवताना हवा हलते, तार आणि स्पीकर एकमेकांशी काहीतरी बोलतात, लांबवलेला सूर खोलीत विरत जातो, ते हेडफोनमध्ये नाही. सगळं डोक्याच्या आत वाजतं. शिवाय घराशी संबंध तुटतो. बायको म्हणाली, ‘अरे, बाहेरून तुझं काय ऐकू येतं माहितीये? नुसतं टिक-टिक-टिक. कोणीतरी नखं कापत बसल्यासारखं.’ त्यानंतर मला हेडफोन घालून वाजवायची लाजच वाटायला लागली.

याच काळात कोजागिरीचा तो कार्यक्रम झाला, ज्यात मी कुणालाच ऐकू आलो नाही. घरी हेडफोनवर, रात्री, हळू आवाजात मी महिनाभर खपून एक टोन तयार केला होता. भरपूर बेस, वरून चकाकी, मध्य, म्हणजे मधले स्वर, कमी केलेला. एकट्याने ऐकला तर अगदी रेशमी. गच्चीवर ड्रम आणि बेस सुरू झाले आणि माझी गिटार गायब झाली. खाली बेस गिटारने आणि बेस ड्रमने जागा घेतली, वर झांजांनी. मी जिथे असायला हवा होतो तो मध्य मीच काढून टाकला होता. साऊंडवाला मुलगा विशीतला, स्टेजखालून ओरडला, ‘दादा, मिड वाढवा, मिड!’ मी वाढवला, आणि त्याच क्षणी मी गाण्यात परत आलो. एकट्याने ऐकला असता तर तोच आवाज नाकात बोलल्यासारखा वाटला असता.

यामागे मानवी कानाची एक खोड आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ती मोजून मांडली. आवाज हळू असला की आपल्याला खालचे आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात, मध्य मात्र टिकून राहतो. म्हणून घरी हळू वाजवताना प्रत्येक जण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो. तीच सेटिंग स्टेजवर मोठी केली की बेस ढोलासारखा घुमतो आणि ट्रेबल कान कापतो. म्हणजे घर आणि स्टेज यांच्यासाठी ॲम्प एक असला तरी टोन एक असू शकत नाही. आता माझ्याकडे दोन वेगळ्या सेटिंग आहेत. स्टेजची मी रविवारी दुपारी, शेजारचं बांधकाम चालू असताना, जरा मोठ्याने वाजवूनच ठरवतो. त्या ड्रिलमशीनपुढे माझं कुणाला काही वाटत नाही.

ॲम्प शोधायला दुसऱ्यांदा निघालो तेव्हा मला काय नको ते पक्कं ठाऊक होतं. रोलंडचा जॅझ कोरस ऐकला. १९७५ पासून चालत आलेला, ट्रान्झिस्टरचा, आमच्या जुन्या हिंदी गाण्यांना लागतो तसा काचेसारखा स्वच्छ आवाज. पण १२० वॉट आणि अठ्ठावीस किलो. पाठीने आधीच नकार दिला. पाच वॉटचा छोटा व्हॉल्व्हचा ॲम्प मोहात पाडत होता. घरी ताणता येईल असं वाटतं खरं, पण पाच वॉटही ताणले की १०५ च्या आसपास जातात. आणि स्टेजवर वेगळीच अडचण येते. आम्हाला गुरगुर नको, जुन्या गाण्यांतली स्वच्छ आस आणि एकेक तार वेगळी ऐकू येणारे कॉर्ड हवेत. ड्रमरशेजारी पाच वॉट स्वच्छ राहत नाहीत, फाटायला लागतात. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला की वॉट म्हणजे आवाज किती मोठा होईल हे नव्हेच, तो किती मोठा होईपर्यंत स्वच्छ राहील हे आहे. रॉक वाजवणाऱ्याला कमी वॉट पुरतात, ‘रिमझिम’सारखी जुनी गाणी वाजवणाऱ्याला जास्त लागतात. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

मधे ॲटेन्युएटर नावाचं खोकंही तपासलं. ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधे बसून ते वीज खातं आणि तिची उष्णता करतं. आवाज कमी होतो हे खरं, पण चाळीस वॉटचा ॲम्प घ्यायचा आणि त्यातल्या एकोणचाळीसांचा हीटर करायचा, हे माझ्यातल्या मध्यमवर्गीयाला झेपलं नाही.

शेवटी घेतला बॉसचा कटाना, ५० वॉटवाला. व्हॉल्व्ह नाहीत, आत संगणक आहे, जुन्या ॲम्पचं वागणं तो नक्कल करून दाखवतो. शुद्धतावादी मित्रांनी नाकं मुरडली. पण त्याला बारा इंची खरा स्पीकर आहे, वजन अकरा-साडेअकरा किलो म्हणजे एका हाताने जिना उतरता येतो, हेडफोनची सोय आहे, आणि मागणं एकच होतं ते पुरं करणारं एक बटण आहे, ५०, २५ आणि अर्धा वॉट. नारिंगी उजेडाची आठवण येते. येऊ दे.

अर्ध्या वॉटवर पहिल्या आठवड्यात खालच्या काकांची तक्रार आली.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. भांडणारे नाहीत. जिन्यात थांबवून म्हणाले, ‘अहो, वाजवा तुम्ही, पण त्या आवाजाने आमच्या हिचं डोकं उठतं.’ मी खजील झालो. अर्धा वॉट म्हणजे पण हिशोबाने ९५ डेसिबल होतातच, बटण खालीच ठेवावं लागतं, आणि मी ठेवलेलं होतं. घरात बोलणं ऐकू यायचं इतपतच आवाज होता. मग खाली जातंय काय? आधी वाटलं फरशीतून धमक जात असेल. जुन्या रबरी स्लिपरांचे तुकडे कापून ॲम्पच्या चारही पायांखाली लावले आणि तो लाकडी स्टुलावर ठेवला. फरक पडला, पण तक्रार राहिली.

मग मी सरळ खाली गेलो. मुलाला वर बसवलं, फोन चालू ठेवला, आणि सांगितलं, सहावी तार मोकळी सोडल्यापासून एकेक फ्रेट, म्हणजे दांड्यावरची एकेक पट्टी, वर जात वाजव. काकूंनी चहा टाकला. काका आणि मी त्यांच्या हॉलमध्ये कान लावून बसलो. ई, काही नाही. एफ, काही नाही. एफ शार्प, अगदी पुसट. तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजला आणि शोकेसमधून किर्रर्र असा आवाज आला. काका ताडकन उठले. ‘हाच! हाच तो!’ पुन्हा वाजव म्हटलं. पुन्हा किर्रर्र. पुढच्या फ्रेटवर बंद. जी म्हणजे ९८ हर्ट्झ. त्या एका सुराला शोकेसची सरकती काच तिच्या खाचेत थरथरत होती, आणि तिला टेकलेले सहा कप तिला साथ देत होते. काकूंचं डोकं गिटारीने नव्हे, कपबशांनी उठत होतं, आणि आमच्या बहुतेक गाण्यांत जी येतोच येतो.

काका वर्कशॉपचे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, चार घड्या घातल्या, काचेच्या खाचेत सुरीच्या टोकाने दाबून बसवली, कप दोन बोटं मागे सरकवले आणि फोनवर माझ्या मुलाला म्हणाले, ‘हं, वाजव रे.’ काही नाही. मग त्यांनाच हुरूप आला. ‘अजून वाढव. अजून. अजून थोडा. बास!’ काकूंनी आतून ‘आता टीव्हीच्या मधे येतंय’ म्हटलं, म्हणून एक चिमूट मागे. मुलाने तिथे बटणाशेजारी व्हाइटनर लावला. तो ठिपका तो हा. वेळ ठरली संध्याकाळी साडेसहा ते नऊ, गुरुवार सोडून, कारण गुरुवारी काकूंचं भजनी मंडळ असतं आणि तेव्हा त्यांचा आवाज वर येतो.

स्टेजवरचं तंत्र यापेक्षा सोपं आहे, वीज धड असेल तर. एका मांडवात थ्री-पिन सॉकेटच नव्हतं, साध्या बोर्डात काड्यापेटीच्या दोन काड्या खोचून उघड्या वायरी बसवल्या होत्या. ॲम्प चालू केला तर नुसती घूंऽऽ अशी गुणगुण. तारांना हात लावला की कमी, हात काढला की पुन्हा. अर्थिंग नसलं की हे असं होतं, आणि तारांना हात असताना ओठ माइकला लागला तर पुढचं सांगायला नको. मला लागला. झिणझिण्या दातांपर्यंत गेल्या. मुखडा मी पुढे दोन फूट लांबून गायलो. तेव्हापासून बॅगेत टेस्टर, लांब एक्स्टेंशन आणि एक फालतू वाटणारी चौकशी, ‘अर्थिंग आहे का हो?’ उत्तर नेहमी ‘आहे ना सर’ असंच येतं, म्हणून टेस्टर.

दुसरं म्हणजे ॲम्प जमिनीवर ठेवायचा नाही. बारा इंची स्पीकरचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. खाली ठेवला की ते माझ्या पोटऱ्यांना लागतात, मला आवाज बोथट वाटतो, मी ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेतले लोक कपाळाला आठ्या घालतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, जरा मागे रेललेला ठेवला की काम होतं. मांडवात खुर्च्यांना तोटा नसतो.

गेल्या महिन्यात कॅफेत होतो. साऊंडवाल्याने एसएम ५७ माइक आणला, स्पीकरच्या जाळीला नाक लावून आत पाहिलं आणि माइक मधोमध न धरता मधल्या टोपीच्या कडेला, दोन बोटं बाजूला लावला. मधोमध फार टोचतो, त्याला ते ठाऊक होतं, त्यामुळे मला तो लगेच आवडला. मी वॉटचं बटण अर्ध्यावरून २५ वर नेलं. तो वाकून पॅनल बघत होता.

‘सर, हा पांढरा ठिपका कसला?’

‘इथपर्यंत खालच्या काकांची परवानगी आहे.’

त्याने समोर पाहिलं. तिसऱ्या टेबलावर काका-काकू कोल्ड कॉफी घेऊन बसले होते. काकांनी अंगठा वर केला, तसं त्याने बटण धरलं आणि ठिपका ओलांडला.